नावं न टिपलेली वही

नंदुरबारला जाऊन आले म्हटलं की आमच्या सोसायटीतल्या बायका विचारतात, "तिकडे बघण्यासारखं काय आहे?" तोरणमाळ आहे, तिथला तलाव आहे, असं मी सांगते, पण मी स्वतः तोरणमाळला गेलेच नाही. मी गेले होते एका कोर्टाच्या मागच्या खोलीत बसायला, आणि तिथून पुढे मोलगीच्या डोंगरात. कोर्टाचं आणि पाड्याचं नाव देणार नाही, माणसांची नावंही बदलली आहेत. नावं झाकायची मला जुनी सवय आहे. त्या सवयीपायी काय झालं ते सांगायलाच हे लिहायला बसले आहे.

तीस वर्षं पुण्यात कायदा शिकवला. निवृत्त झाल्यावर घरात बसवेना, म्हणून एक अभ्यास अंगावर घेतला: डाकीण ठरवून ज्या बायकांना मारहाण झाली, त्यांच्या खटल्यांचं कोर्टात पुढे काय होतं? संगणकावर अलीकडची प्रकरणं दिसतात, तीही अर्धवट. जुनी सगळी लाल कापडाच्या गाठोड्यांत. ती बघायची परवानगी मिळायला सात महिने लागले. तीन अर्ज केले, दोनदा हेलपाटा घातला आणि एकदा एका साहेबांच्या केबिनमध्ये माझा आवाज चढला. मी तापट आहे, हे घरचे सांगतात ते खरं आहे.

शेवटी पत्र आलं. फोन आत न्यायचा नाही, फोटो काढायचे नाहीत, झेरॉक्स नाही. पेन्सिलीने टिपणं घ्यावीत. अहवालात कुणाचं नाव छापू नये. मला एवढा आनंद झाला की मी एक पाऊल पुढे गेले. छापायचं नाही ना, मग वहीत तरी कशाला टिपायचं? फिर्यादी बाई म्हणजे 'अ', आरोपी 'ब', 'क', 'ड'. विद्यार्थ्यांनाही मी हेच शिकवत आले होते.

मागची खोली

मार्च संपत आला होता. नंदुरबारात शिरतानाच घशात मिरची गेली. शहराबाहेर पथाऱ्यांवर मिरची वाळत घातलेली असते, तिचा खकाणा वाऱ्याबरोबर येतो आणि नवा माणूस ठसकत राहतो. रिक्षावाल्याला त्याचं काहीच नाही. "आठला मानूसले खोकला येत नही," तो म्हणाला, म्हणजे इथल्या माणसाला, आणि निवांत विडी ओढत राहिला.

कोर्टाच्या खोलीत देवरेभाऊ होते, रेकॉर्ड सांभाळणारे. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले, कपाळावर गंध, गळ्यात टॉवेल. इतकी वर्षं सरकारी ऑफिसांतून फिरले, पण असा अगत्यशील माणूस क्वचित भेटला. खोलीला एकच खिडकी, तीही गाठोड्यांनी अर्धी बुजलेली. माझ्यासाठी त्यांनी टेबल पुसून ठेवलं होतं, बाजूला माठ ठेवला होता. भिंतीलगत एक वेगळा ढीग रचलेला होता आणि त्यावर चिठ्ठी खोचलेली: 'मॅडमसाठी राखीव'.

"हाई सगळं नाश करानं व्हतं," त्यांनी समजावलं. "मुदत संपनी यासनी. तुमनं पत्र उनं म्हनी मी थांबाडी धरं."

म्हणजे असं, की किरकोळ मारहाणीच्या खटल्यांच्या फाइली ठरावीक वर्षांनी नष्ट करतात. नोंदवहीतली एक ओळ राहते, कागद राहत नाहीत. हा ढीग तसा जायचाच होता, माझ्यासाठी तो अडवून धरला होता. मला ते फार भारी वाटलं. माझ्यासाठी कुणीतरी काहीतरी वाचवून ठेवलंय, असं मी रात्री नवऱ्याला फोनवर सांगितलंही.

तीन दिवस बसले. दुपारी देवरेभाऊंच्या डब्यातली कळण्याची भाकरी आणि ठेचा, संध्याकाळी लॉजवर शेवभाजी. मधले तास मात्र जड जायचे. फाइल उघडायची, की तीच गोष्ट. पाड्यात कुणाचं मूल दगावतं, कुणाची गाय मरते. मग एखाद्या बाईकडे बोट दाखवलं जातं. तिला काठ्यांनी मारतात. ती पोलिसांत जाते. दोन-तीन वर्षं तारखा पडतात, साक्षीदार फिरतात, आरोपी सुटतात. एका बाईच्या जबाबात एवढंच होतं की मला मारताना माझी सासू दारात उभी राहून भाकरी थापत होती. ते वाचून मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. देवरेभाऊ मागून पाण्याचा तांब्या घेऊन आले.

सतराव्या फाइलीत निराळं काही सापडलं. तडजोडीची पुरसीस होती, म्हणजे दोन्ही पक्षांनी कोर्टात दिलेलं लेखी. साधारण असं: 'आम्ही ब, क व ड लिहून देतो की, अ हिला आम्ही डाकीण म्हटले ते खोटे आहे. तिला व तिच्या मुलाबाळांना यापुढे तसे म्हणणार नाही.' खाली तीन अंगठे होते, निळ्या शाईचे, एक जरा फाटलेला. दोनशे फाइलींत असा कागद हा एकच. मी तो शब्दन् शब्द उतरवून घेतला, नावांच्या जागी माझी अक्षरं घालून. नावांवरून नजर पुढे न्यायची इतकी सवय झाली होती की ती मी वाचली का, हेही आठवत नाही.

तिसऱ्या दिवशी निघताना देवरेभाऊंनी रजिस्टर पुढे केलं. "मॅडम, आठे सही करा. काम व्हयनं ना?" मी झोकात लिहिलं, 'काम पूर्ण झाले', खाली सही, तारीख. ठळक, वळणदार सही. फळ्यावर लिहिणाऱ्यांची अशीच असते.

तळोद्याहून वर

पुढचे दोन दिवस मोलगीला घालवायचं ठरवलं होतं. ज्या गावांच्या फाइली वाचल्या ती एकदा बघावीत, एवढाच विचार. सोबतीला रूथताई होत्या. मूळच्या नवापूरकडच्या, ख्रिस्ती, चाळीस वर्षं डोंगरात नर्स म्हणून काढलेल्या. घरी कोकणी, म्हणजे त्यांच्या आदिवासी जमातीची बोली, इथल्या बायकांशी भिली नाहीतर पावरी, चर्चमध्ये मराठी आणि वैतागल्या की गुजराती, असं त्यांचं चालतं. त्या नसत्या तर मी मोलगीत चहासुद्धा मागू शकले नसते.

तळोद्याला जीपमध्ये बसलो. जीप भरली की निघते असं म्हणतात, पण ती भरल्यावरही आणखी पाचजण चढल्यावरच निघते. अक्कलकुवा मागे पडलं आणि देवगोईचा घाट लागला. सागाची पानं गळून गेलेली, डोंगर उघडेबोडके, मधूनच एखादा पळस पेटलेला. वर आल्यावर जिकडेतिकडे आमचूर. खडकांवर, छपरांवर, रस्त्याच्या कडेला कैरीच्या फोडी पांढऱ्या पडत वाळत होत्या. जीपमधून उतरताना माझी चप्पल नेमकी एका बाईच्या आमचुरावर पडली. तिने मला शब्दही न बोलता फोडी उचलल्या, फडक्याने पुसल्या आणि परत मांडल्या. पुण्यात मी कुणाच्या पापडावर पाय ठेवला असता तर सात पिढ्यांचा उद्धार झाला असता.

बाजाराचा दिवस होता. चारोळी, भगर, आमचूर, मोहाची फुलं, प्लास्टिकच्या बादल्या आणि मोबाइलची कव्हरं, सगळं एकाच ताडपत्रीवर. रूथताईंच्या ओळखीच्या घरी जेवलो: ज्वारीची जाड भाकरी आणि आमचूर टाकलेली उडदाची डाळ. अशी डाळ मी जन्मात खाल्ली नव्हती, आणि तिसऱ्यांदा मागायला मला लाज वाटली नाही.

हात धुवत असताना एक बाई अंगणात येऊन उभी राहिली. पस्तिशीची असेल. तिने रूथताईंकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि शाळेतल्या मराठीत विचारलं, "बाई, कोर्टातली जुनी कागदं वाचणाऱ्या तुम्हीच का?"

तिचं नाव रमिला. आश्रमशाळेत चौथीपर्यंत शिकलेली. तिसरीत असताना तिच्या आईला, खेमलीबाईला, पाड्यातल्या तिघांनी डाकीण म्हणून मारलं होतं. खटला झाला, मग कोर्टात लिहून दिलं, आई परत घरी नांदली आणि पुढे तापाने वारली. आता त्या तिघांपैकी एकच उरला होता, विरजीबाबा. पाड्यातला सगळ्यात म्हातारा माणूस. होळीनंतर त्याचा नातू हगवणीने गेला आणि तो म्हणू लागला, आई होती तशीच पोरगी आहे.

"चार दिवसांनी बैठक आहे," रमिला म्हणाली. "मला पाड्यातून काढतील. शेत इथंच आहे माझं. पोरं शाळेत जातात."

मी म्हटलं, कायदा आहे, आपण पोलिसांत जाऊ. रमिलाने रूथताईंकडे बघितलं.

"पोलीस येतील ताई," रूथताई म्हणाल्या. "जातीलही. राहायचं हिला त्याच माणसांत आहे. बैठकीत कायदा कुणी विचारत नाही. पण एक गोष्ट इथे मानतात. माणसाने स्वतः दिलेला अंगठा पंचांपुढे ठेवला, तर त्याला त्यावर बोलता येत नाही. तो उठून जातो. बैठक तिथेच संपते."

"विरजीबाबा म्हणतो, मी कधी अंगठा दिलाच नाही," रमिला म्हणाली. "मी लहान होते, पण मी बघितला. निळा झाला होता अंगठा. त्याने तो माझ्या आईच्या समोर धोतराला पुसला."

मी वही काढली. गावाची आणि वर्षाची यादी माझ्याकडे वेगळी होती, प्रकरण क्रमांकासकट. त्या गावचं, त्या वर्षांतलं एकच प्रकरण निघालं. सतरा. इतक्या वर्षांच्या अभ्यासात पहिल्यांदा माझ्या वहीचा कुणाला तरी उपयोग होणार होता. मी तिथेच नकलेचा अर्ज लिहिला, रमिलाची सही घेतली. टपाल पाड्यापर्यंत धड पोचत नाही म्हणून पत्ता माझा पुण्याचा टाकला. "बैठकीआधी कागद तुझ्या हातात देते," मी म्हटलं. असं वचन मी कुठल्या तोंडाने दिलं, कोण जाणे. पण दिलं, आणि तिने ते खरं धरलं.

परत त्याच खोलीत

दुसऱ्या दिवशी दुपारी कोर्टात पोचले. मागच्या खोलीचं दार उघडलं आणि पहिल्यांदा लक्षात आला तो उजेड. खिडकी मोकळी होती. भिंतीलगतचा ढीग नव्हता. फरशीवर तेवढ्या चौकोनाचा रंग वेगळा दिसत होता.

देवरेभाऊ खुशीत उठले. "या मॅडम. च्या ल्या."

"देवरेभाऊ, तो ढीग?"

"गया ना. काल गाडी उनी व्हती. साहेब रोज इचारेत, खोली कव्हय मोकयी व्हई. तुम्हीच लिखी दिधं ना, काम पूर्ण झाले म्हनी." त्यांनी रजिस्टर उघडून माझीच सही माझ्यापुढे धरली. माझ्या सहीखाली त्यांची सही, तिच्याखाली साहेबांची. सगळं नियमाप्रमाणे.

मी काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. आवाज चढला एवढं सांगते. कुणावर चढला, कशासाठी, ते मलाही ठाऊक नव्हतं. देवरेभाऊंनी माझं सगळं ऐकून घेतलं, मग रमिलाचा अर्ज हातात घेऊन सावकाश वाचला आणि खाली बसले.

"आधी सांगतात तर एक गाठोडं काढी ठेवतू," ते म्हणाले. "मन्हा जीवले बी लागनं मॅडम. पन माले कसं समजी?"

त्यांना कसं समजणार? तीन दिवस मी त्या कागदांशेजारी बसून होते आणि माझ्याही डोक्यात आलं नाही की यातला एखादा कुणाला हवा असेल. मला ते अभ्यासाला हवे होते, अभ्यास झाला, संपलं. मी सही केली नसती तर तो ढीग आणखी महिनाभर तिथेच राहिला असता. आम्हा दोघांनाही ते कळत होतं.

नोंदवहीतली ओळ मात्र होती. त्यांनी ती शोधून दिली: प्रकरण क्रमांक, कलमं, आणि शेवटच्या रकान्यात 'तडजोड, आरोपी मुक्त'. आरोपींपैकी पहिल्या इसमाचं नाव होतं, तो केव्हाच वारलेला. बाकीच्यांसाठी लिहिलं होतं, 'व इतर दोन'. देवरेभाऊंनी अर्ज दाखल करून घेतला. नियमाप्रमाणे उत्तर येईल म्हणाले.

बैठक

बैठकीला जायला नको, असं रूथताईंचं म्हणणं होतं. मी गेले. वचन दिलं होतं, आणि वहीत मजकूर तरी होता.

पाडा मोलगीपासून तासभर चालत. एका आंब्याखाली पंधरा-वीस पुरुष बसले होते, बायका लांब, कुडाच्या सावलीला. आमच्या सोसायटीच्या सभेत सगळे एकदम बोलतात. इथे एकजण बोलून झाला की बराच वेळ कुणीच बोलत नाही. ती शांतता मला सोसवेना. रमिला एकटी बसली होती, तिच्या शेजारची जमीन रिकामी सोडलेली. मला बघून ती उठली. माझ्या हातात वही बघून तिला वाटलं, कागद त्या वहीतच आहे.

विरजीबाबा माझ्या कल्पनेपेक्षा लहानखुरा निघाला. डोळ्यांत मोतीबिंदू. नातवाचं दुःख खरं होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. त्याचा राग करायचा मी ठरवून गेले होते आणि तो मला जमेना.

कागद गेला, हे मी सांगितलं. रूथताईंनी ते पावरीत सांगितलं. मग मी वहीतला मजकूर वाचला. 'आम्ही ब, क व ड लिहून देतो की, अ हिला आम्ही डाकीण म्हटले ते खोटे आहे.' रूथताई वाक्यामागून वाक्य सांगत गेल्या आणि 'ब, क व ड'पाशी थांबल्या. त्या अक्षरांचं त्या तरी काय करणार?

विरजीबाबाने काहीतरी विचारलं. रूथताई माझ्याकडे वळल्या. "विचारतोय, हे ब, क, ड कोण?"

"त्यातला एक तो स्वतः," मी म्हटलं.

पंचांपैकी एकाने पळसाच्या पानावर ज्वारीचे दाणे आणून माझ्यापुढे ठेवले. रूथताईंनी हळू आवाजात सांगितलं, "दाण्यावर हात ठेवून सांगा. त्या कागदावर विरजीचं नाव आणि अंगठा तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघितला. बाहेरच्या बाईचंही ते मानतील. एवढं सांगितलं की झालं."

मी हात पुढे केला. तीन अंगठे मला स्पष्ट दिसत होते, त्यातला फाटकासुद्धा. अंगठ्यांशेजारची नावं आठवायचा मी जिवापाड प्रयत्न केला. तिथे काहीच नव्हतं. मी ती वाचलीच नव्हती. रमिला माझ्याकडे बघत होती. आयुष्यभर मुलांना सांगत आले, साक्षीदाराने जे पाहिलं तेवढंच सांगावं.

मी हात मागे घेतला.

खोटं बोलायला हवं होतं, असं मला आज वाटतं. तेही खात्रीने वाटत नाही, आणि त्याचाच जास्त त्रास होतो. विरजीचा अंगठा तिथे होता याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण मी तो त्याचा म्हणून पाहिला नव्हता. माझा हात मागे आलेला सगळ्यांनी बघितला. पुढे भाषांतराची गरज पडली नाही.

रमिलाने वही माझ्या हातातून घेतली, ते पान शोधलं, त्यावर बोट फिरवलं. चौथी शिकलेली होती, वाचता येत होतं. "माझ्या आईचं नाव कुठं लिहिलं?" तिने विचारलं. मी 'अ'वर बोट ठेवलं. तिने वही मिटून परत दिली.

पुणे

चार दिवसांत तिने पाडा सोडला. रूथताईंनी फोन करून सांगितलं, पोरांना घेऊन गुजरातेत गेली, कुणा नातलगाबरोबर, कुठे ते नक्की नाही. पोलिसांत मी तक्रार दिली. चौकशी चालू आहे असं उत्तर येतं. अभ्यासाचा अहवाल पुरा झाला. त्यात अभ्यासकांना जुनी कागदपत्रं सहज मिळावीत अशी शिफारस आहे, आणि त्याच्याही आधी एक, की कागद नष्ट करण्यापूर्वी ज्यांच्या आयुष्याचे ते आहेत त्यांना विचारावं. प्रकरण सतरा तक्त्यात 'तडजोड' या रकान्यात मोजलं गेलं आहे.

मागच्या आठवड्यात कोर्टाचा लिफाफा आला. रमिलाच्या अर्जाला उत्तर. अक्षर देवरेभाऊंचं, मी ते ओळखते. छापील कागदात नाव लिहायला बोटभर जागा असते, पण त्यांनी समासापर्यंत जाऊन रमिलाच्या आईचं पूर्ण नाव लिहिलं होतं: तिचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, पाडा, तालुका. त्याखाली, 'यांच्या फिर्यादीवरील प्रकरणाचे अभिलेख नष्ट झाले असल्याने नक्कल देता येत नाही.' गोल शिक्का आणि साहेबांची सही.

मी रूथताईंना फोन लावला. रमिलाचा पत्ता लागला का, विचारलं. नाही म्हणाल्या.

"मग हे कुठे पाठवू?"

त्या म्हणाल्या, "ठेवा तुमच्याकडेच, ताई. पण या वेळी नावासकट ठेवा."